चार भोकांचा फंडा

नळ स्टॉप मेट्रो स्टेशन. मंगळवार. सकाळचे नऊ चाळीस. आणि माझ्या शर्टाचं वरून तिसरं बटण... टक्!

मी खाली बघेपर्यंत ते प्लॅटफॉर्मवर दोन गिरक्या घेऊन, पिवळी पट्टी ओलांडून थेट रुळांवर गेलंसुद्धा. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजकुमाराने आधी बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मग फार सभ्यपणे मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. थँक यू, मित्रा!

आता वरून तिसरं बटण म्हणजे काय, हे मुलींना वेगळं सांगायला नको. पहिलं तुटलं तर स्टाइल. शेवटचं तुटलं तर शर्ट आत खोचता येतो. पण तिसरं तुटलं तर तुमची अख्खी मीटिंग त्या फटीवर हात ठेवण्यात जाते. माझी तशीच गेली. कल्याणीनगरच्या एका ऑफिसमध्ये मी सहा महिन्यांच्या कामाचं प्रेझेंटेशन देत होते. फ्रीलान्स माणसासाठी सहा महिन्यांचं काम म्हणजे लॉटरी! आणि मी डाव्या हाताने फाइल छातीशी धरून उजव्या हाताने स्लाइड बदलत होते. रिसेप्शनवरच्या मुलीने एक सेफ्टी पिन दिली होती, ती तिसऱ्या स्लाइडला उघडली. चौथ्या स्लाइडला टोचली. 'ऑडियन्स एंगेजमेंट' या शब्दावर मी जो 'आईss' केला, तो समोरच्यांना प्रेझेंटेशनचाच भाग वाटला असावा. निदान मी तशी आशा करतेय.

एनीवे. खरी गोष्ट संध्याकाळी सुरू होते.

आम्ही तिघी कोथरूडला एका टू बीएचकेमध्ये राहतो. एक डेटा सायन्सवाली, एक आर्किटेक्ट आणि एक मी, मास कॉमवाली. घरात एअर फ्रायर आहे. प्रोजेक्टर आहे. तीन प्रकारचे कॉफी मेकर आहेत. सुई? नाही. दोरा? दाताचा फ्लॉस चालेल का, असं आर्किटेक्टने विचारलं आणि ती सीरियस होती! 'टाकून दे ना, नवीन घे,' हे डेटा सायन्सचं उत्तर. पण तो शर्ट टाकण्यासारखा नव्हताच. पांढरा लिनन. माझ्या पहिल्या मोठ्या चेकमधून घेतलेला. एका अकरा मिलिमीटरच्या चकतीपायी तो टाकून द्यायचा?

हो, अकरा मिलिमीटर. हा आकडा मला तेव्हा ठाऊक नव्हता, नंतर कळला. त्याकडे येतेच.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर शिवणाचा सेट मिळाला. प्लॅस्टिकचा डबा, बारा रंगांचे दोरे, सहा सुया आणि बाहुलीच्या हाताला बसेल एवढी कात्री. सेट दहा मिनिटांत आला, अक्कल कुठून यायची? बरं, कंपन्या जे जादा बटण शर्टाच्या आत, बाजूच्या शिवणीतल्या लेबलवर लावून देतात, ते लेबल मला टोचत होतं म्हणून पहिल्याच दिवशी मी कापून फेकलं होतं. बटणासकट. मग एका जुन्या कुर्त्याचं बटण काढलं, व्हिडिओ लावला आणि बसले. पंधरा मिनिटं नुसता दोरा ओवण्यात गेली. मग मी ते बटण असं काही घट्ट आवळून शिवलं, की बँकेच्या लॉकरलाही हेवा वाटावा. वर सात गाठी. फोटो काढून आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, 'छान. काजात घालून बघ.'

गेलंच नाही हो! म्हणजे ओढून-ताणून गेलं, पण तिथे शर्टाला अशी चुणी पडली की जणू कुणी चिमटा काढून धरलाय. आणि शुक्रवारी, चक्क फर्ग्युसन रोडवर, तेही बटण गेलं. या वेळी सोबत कापडाचा एक तुकडा घेऊन गेलं.

आता तुम्ही म्हणाल, एका बटणाचं एवढं काय? शिंप्याकडे द्यायचं! दिलं असतं की. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक अल्टरेशनवाले काका बसायचे. एक मशीन, एक पिवळा बल्ब आणि एक पाटी: 'अल्टरेशन करून मिळेल. अर्जंट म्हणू नये.' (पुणं आहे बाबा!) मी त्यांच्याकडून जीन्स आखूड करून घ्यायचे, कुर्ते बाजूने आत घ्यायचे. या वेळी गेले तर जिना नाही. बिल्डिंगच नाही! पत्र्याचं कुंपण आणि त्यावर बावीस मजली टॉवरचं चित्र. चित्रात जॉगिंग ट्रॅक आहे, योगा डेक आहे, कुत्र्यांसाठी बाग आहे. जिन्याखाली बसायला जागा मात्र दिसली नाही. वॉचमनला विचारलं. 'ते टेलर? गेले कुठंतरी.' मेंबरांना रिडेव्हलपमेंटमध्ये भाडं मिळतं, जादा कार्पेट मिळतो. जिन्याखालचा माणूस मेंबर नसतो. कोथरूडला, कर्वेनगरला, एरंडवण्याला तुमच्या गल्लीतही एक असे काका होते ना? जरा बघून या, आहेत का.

तर मग शनिवारी मेट्रोने मंडई. २०२४च्या सप्टेंबरात भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून तुळशीबागेत जायला पार्किंगचं कारण सांगता येत नाही. तुळशीबाग आपल्याला कानातले, क्लिपा आणि 'फिक्स रेट, ताई' यासाठी माहीत असते. पण लेस, अस्तर, हुक, चेन, बटण असल्या शिवणाच्या फुटकळ सामानाची दुनियाही तिथेच आसपास आहे, तुळशीबागेपासून रविवार पेठेपर्यंत. एका चिंचोळ्या दुकानात भिंतभर छोटे खण आणि प्रत्येक खणावर एकेक बटण चिकटवलेलं. मी म्हटलं, 'पांढरं बटण द्या.' गल्ल्यावरच्या आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. पुढची प्रश्नपत्रिका अशी: पांढरं की ऑफव्हाइट? दोन भोकांचं की चार? चमक असलेलं की मॅट? किती लाइन?

किती लाइन??

तर, बॉस, हा फंडा ऐका. बटणाचं माप इंचात नाही, सेंटिमीटरमध्ये नाही, 'लाइन'मध्ये असतं. जुनं फ्रेंच माप. चाळीस लाइन म्हणजे एक इंच. शर्टाचं नेहमीचं बटण १८ लाइनचं, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. कॉलरच्या टोकांवरची आणखी बारीक. कोटाचं पुढचं बटण ३२ लाइनच्या घरात, म्हणजे दोन सेंटिमीटर. आणि घाऊक माल विकतात तो ग्रोसवर, एक ग्रोस म्हणजे १४४ नग. मला हवं होतं एक. आजोबांनी सहा दिले, वीस रुपयांना, आणि 'सगळी बदलून टाक, मग मॅचिंगचं टेन्शनच नाही' असा सल्ला फुकट. सॉलिड माणूस!

तिथूनच चार दुकानं पुढे, एका बोळात, फळीएवढ्या जागेत एक काका मशीनवर पँटची चेन बदलत होते. 'काका, एवढं एक बटण लावून द्याल?' त्यांनी शर्ट घेतला. मी जिथे बटण शिवलं होतं तिथली जागा बोटाने चाचपली आणि विचारलं, 'हे कुणी केलं?'

'मीच.'

'बसा.'

मला वाटलं, ते लावून देतायत तोवर बसा. पण नाही. त्यांनी सुई माझ्याच हातात दिली. 'चेनवाला माणूस पाच वाजता येतोय, मला वेळ नाही. तुम्ही लावा, मी बघतो.' आणि मग पायाने मशीन चालवत, मान वर न करता, त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच व्हिडिओत इतकं नीट नव्हतं.

पहिली गोष्ट, दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं, पण गुंता होतो. टोक तिरकं कापायचं. दोरा नेढ्यात नाही घालायचा, दोरा चिमटीत धरून नेढं त्याच्यावर आणायचं. नेढं! मी राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून किमान चार वेळा फोटो काढलेत. भन्नाट वारा, खाली दरी. कड्याला आरपार भोक आहे म्हणून नेढं, एवढं माहीत होतं. पण मूळ नेढं सुईचं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आधी किल्ल्याचं पाहिलं, मग सुईचं! काकांना सांगितलं तर म्हणाले, 'आमचं उलटं. किल्ल्यावर जायचं राहूनच गेलं.'

मग दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढायचा. पीळ सुटत नाही, गाठी पडत नाहीत. मेण नसलं तर घरातली मेणबत्ती चालते. शर्टावर जुन्या दोऱ्याचे जे तुकडे उरलेत ते आधी काढायचे, खालची बारीक भोकंच जागा सांगतात. माझं कापडच फाटलं होतं, म्हणून त्यांनी आतून अस्तराचा नखाएवढा तुकडा लावायला लावला. जागा सापडत नसेल तर शर्टाची बाकी बटणं लावून, काजातून टाचणी टोचून खूण करायची. आणि काजावरून आठवलं, आत्ता तुमच्या अंगावरच्या शर्टाकडे बघा. पुढची काजं उभी आहेत ना? आणि गळ्यापाशी, कॉलरच्या पट्टीवरचं? बहुतेक शर्टांवर ते आडवं असतं. मी अठ्ठावीस वर्षं शर्ट घालतेय, मला हे माहीत नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. माझं बटण तुटलं ते सैल शिवलं म्हणून नाही. घट्ट शिवलं म्हणून तुटलं! काकांनी खिशातून आगपेटी काढली. एक काडी घेतली आणि बटणावर, दोन भोकांच्या मध्ये आडवी ठेवली. 'हिच्यावरून शिवा.' प्रत्येक जोडीतून चारेक टाके, काडीवरून. मग काडी ओढून काढली. बटण उचललं तर टाक्यांत ढील. आता सुई खालून वर आणायची, पण भोकातून नाही, बटण आणि कापड यांच्या मधे. आणि त्या ढिल्या टाक्यांना दोऱ्याचे तीन-चार वेढे घट्ट गुंडाळायचे. 'ही बटणाची मान,' काका म्हणाले. 'मान नसली की बटण गुदमरतं.' कारण बटण लावलं की काजाची पट्टी बटणाच्या खाली येऊन बसते. त्या पट्टीला जाडी असते. तिला जागाच ठेवली नाही, तर प्रत्येक वेळी बटण घालता-काढता दोऱ्यावर ताण येतो, कापडाला चुणी पडते आणि एक दिवस फर्ग्युसन रोडवर तमाशा होतो. शेवटी सुई उलट्या बाजूला न्यायची, छोट्या टाक्याच्या फासातून दोनदा फिरवायची, ओढायचं. सात गाठींची गरज नाही. मी दोरा दातांनी तोडायला गेले तर काका पहिल्यांदा ओरडले, 'ताई! कात्री आहे ना!'

तिसऱ्या बटणापर्यंत माझा हात बसला. सहावं तर मी न विचारता लावलं. काकांनी ओढून बघितलं, हं म्हणाले. पुण्यात 'हं' म्हणजे सुवर्णपदक.

जाता जाता विचारलं, मग मुळात नव्या शर्टाचं बटण इतक्या सहज पडलंच कसं? त्यांनी एक रेडिमेड शर्ट उलटा करून दाखवला. बटण लावायची जी वेगळी मशीन कारखान्यात असतात, त्यातल्या बऱ्याचशा एकाच दोऱ्याची साखळी-टीप घालतात. काही सेकंदांत बटण लागतं. पण साखळीचं शेवटचं टोक सुटलं आणि ते नेमक्या बाजूने ओढलं गेलं, की सगळी साखळी सरसर उसवते. आपण काय करतो? शर्टाला लोंबणारा एक दोरा दिसला की ओढतो. मीही मंगळवारी सकाळी ओढला होता. आता सांगते. म्हणजे बटण मीच पाडलं!

पैसे विचारले तर काका हसले. 'तुम्हीच लावलं, मी काय घेऊ?' मग स्वतःच म्हणाले, 'बटणाचे दहा रुपये मागितले तरी लोकांना जास्त वाटतात. माझं भाडं बटणावर निघत नाही. चेनवर निघतं.' मी समोरून दोन चहा आणले. चेनवाला पाच वाजता आला नाहीच.

खरं तर आपल्याकडे बटणाचं कौतुक तसं नवंच. पेशवाईतल्या माणसांची चित्रं आठवा. अंगरखा, बाराबंदी, सगळं बंदांनी बांधायचं. बाराबंदीच्या नावातच बंद आहेत. बायकांची चोळी पुढे गाठ मारून. कुठेच बटण नाही. गुंडी होती, दोऱ्याची किंवा कापडाची. आणि 'काज' हा अस्सल मराठी वाटणारा शब्द? पोर्तुगीज! 'कासा' म्हणजे घर. बटणाचं घर ते काज. गोव्यात कोकणीत बटणाला अजून 'बुतांव' म्हणतात, तोही त्यांचाच. म्हणजे घर पोर्तुगिजांचं, राहणारं बटण इंग्रजांचं, आणि शिवणार शिंपी आपला. संत नामदेव शिंपी समाजातले, आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांच्या ज्या रचना आहेत, त्यांत सुई, दोरा, कात्री, गज ही सगळी हत्यारं येतात. भक्ती करायला बसले तरी हातातलं काम सुटलं नाही!

मात्र हे सगळं मला इतकं उशिरा का कळलं, याला एक कारण आहे. आणि ते कारण मी आजवर फार अभिमानाने सांगत आलेय.

कट टू आठवी, सातारा. कार्यानुभवाचा तास. मुलींना शिवण, मुलांना इलेक्ट्रिकल. मुलींनी रुमालाच्या चारी बाजूंना धावदोरा, साखळी टाका, हेमिंग आणि काज-बटण करायचं. मुलांनी फ्यूजची तार घालायची, थ्री-पिन प्लग जोडायचा. मी उभी राहिले. म्हटलं, बाई, मला इलेक्ट्रिकल पाहिजे. का? तर मुलींनीच का शिवायचं? प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत गेलं. आणि मी जिंकले! अख्ख्या वर्गात इलेक्ट्रिकलला बसलेली एकटी मुलगी. आजही आमच्या फ्लॅटमधला कुठलाही प्लग मीच दुरुस्त करते. आई मात्र दर सुट्टीत मागे लागायची, 'अगं, निदान बटण लावायला शीक.' आणि मी दर वेळी म्हणायचे, 'का? सासरी लागेल म्हणून?' कॉलेजात तर मी डिबेटमध्ये मुद्दाच केला होता: 'सुई ही बाईच्या हातातली सर्वांत छोटी बेडी आहे.' टाळ्या! कप मिळाला होता. घरी शोकेसमध्ये आहे अजून.

शनिवारी रात्री शर्टाचा फोटो आईला पाठवला. सहा बटणं, सहा माना. आईने व्हिडिओ कॉल लावला आणि झूम करायला लावलं. मग म्हणाली, 'आजीसारखं झालंय.'

आता आजीचं मला माहीत होतं ते एवढंच, की ती शिवायची. आमच्या फ्रॉकना तिचेच हात. पण त्या रात्री आई बोलत गेली. १९७८ साली आजोबा गेले तेव्हा आजी बत्तिशीची. पदरात तीन पोरं. शिक्षण चौथी. माहेरी परत चल म्हणणारे दोन भाऊ, आणि परत गेलं की काय होतं हे तिने शेजारी बघितलेलं. तिने हप्त्यावर मशीन घेतलं. ब्लाउज शिवले, आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. खाकी चड्ड्या, पांढरे शर्ट. दिवसा मशीनवर टीप, रात्री हाताने काजं. आणि बटणं? 'बटणं आम्ही लावायचो,' आई म्हणाली. 'मी दहा वर्षांची. मामा बारा वर्षांचा. रात्री अकरा-अकरापर्यंत. मामाचा हात माझ्यापेक्षा साफ होता.'

मामा! बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला, टाय लावून फोटो काढणारा मामा!

'तुला वाटलं मी सासरसाठी शिकवत होते,' आई म्हणाली. 'माझ्या डोक्यात सासर नव्हतंच गं. माझ्या डोक्यात ते मशीन होतं. आपल्यावर वेळ आली तर हातात काहीतरी असावं, एवढंच.'

मला माझ्या कपाची आठवण आली. त्या पुण्यातच, जिथे मी बेडीचं भाषण ठोकलं, रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन उभं केलं आणि बायकांना शिकवायच्या गोष्टींमध्ये शुश्रूषेसोबत शिवणकामही होतं. त्याच्याही आधी, १८९०मध्ये, पंडिता रमाबाईंनी शारदासदन मुंबईहून पुण्यात आणलं होतं. पुढे केडगावच्या मुक्तीमध्येही शिवण, विणकाम, छपाई. त्या शाळांत शिवण शिकणाऱ्यांमधल्या कितीतरी जणी विधवा होत्या. केशवपन झालेल्या, घरातल्या कोपऱ्यात बसवलेल्या. त्यांच्या हातात सुई कुणी दिली आणि कशासाठी, हे डिबेटच्या वेळी मी वाचलं असतं तर? भाषण थोडं लांबलं असतं. कप कदाचित गेला असता. पण तरी एक मुद्दा मी सोडणार नव्हते, आणि सोडलाही नाही.

'मग दादाला का नाही शिकवलंस?'

फोनवर शांतता. कुकरची एक शिट्टी झाली.

'मामा लावायचा, तू लावायचीस. मग दादा का नाही?'

'राहिलं ते,' आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, 'खरं सांगू? दादाचं करायला मी होते. नंतर त्याची बायको असेल असं धरलं. तुझं कुणी करेल असं मी कधी धरलंच नाही.'

यावर काय बोलायचं? मी कुकर बंद कर म्हटलं.

आता जगाचं बघाल तर हे सगळं भलतंच फॅशनमध्ये आलंय. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली पहिलं 'रिपेअर कॅफे' निघालं, लोक कॉफी पीत मोडक्या वस्तू दुरुस्त करतात. फ्रान्सने २०२३ साली कपडे आणि चपला-बूट दुरुस्त करून घेणाऱ्यांना सरकारी योजनेतून सवलत सुरू केली, ६ ते २५ युरो. टाकू नका, शिवा! आमच्या जिन्याखालच्या काकांना कुणीतरी हे सांगायला हवं. पण कुठे सांगणार? पत्रा आहे तिथे आता.

असो. गेल्या रविवारी साताऱ्याला गेले होते. दादाही हिंजवडीहून आला होता. वहिनी माहेरी. जेवणं झाली आणि दादाने बॅगेतून एक निळा शर्ट काढून, न बघता, आईच्या मांडीवर ठेवला. 'बाहीचं बटण गेलंय गं.' आणि टीव्हीचा रिमोट घेतला. इतक्या सहज, की त्याचं त्यालाही कळलं नसावं. आईने चष्म्यासाठी हात पुढे केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिला तीन महिने झालेत, सुई ओवायला तिला आता शेजारची पोरगी लागते. तरी हात पुढे झालाच.

मी शर्ट उचलला. दादाला वाटलं मी लावणार. मी तो त्याच्या मांडीवर ठेवला, वर दहा मिनिटांवाला प्लॅस्टिकचा डबा.

'काय हे?'

'इलेक्ट्रिकलचा तास मी केला. तुझा शिवणाचा बाकी आहे.'

तो हसला. मग आईकडे बघितलं. आई हसत नव्हती. टीव्हीचा आवाज कमी झाला. दादा आठवड्याला शंभर जणांच्या टीमचा रिव्ह्यू घेतो, पण दोरा ओवायला त्याला वीस मिनिटं लागली. (माझा रेकॉर्ड सेफ आहे.) मी नेढं दोऱ्यावर आणायला सांगितलं, तो दोराच नेढ्यावर मारत राहिला. आई समोर सोफ्यावर बसली होती. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून, जोर लावून. पहिला टाका तिरका गेला तेव्हा तिच्या तोंडून 'अरे...' निघालं. मी बघितल्यावर ती पुन्हा गप्प झाली.

मी स्वयंपाकघरातून आगपेटी आणली. एक काडी काढून बटणावर आडवी ठेवली.

'ही कशाला?'

'शीव तू. मग सांगते.'

दादाने शर्ट डोळ्यांजवळ नेला. सुई खालून टोचली, बोटाला लागली, शिवी गिळली.

'आई,' तो मान वर न करता म्हणाला, 'आधी समोरच्या भोकात जायचं की शेजारच्या?'